पाऊण हजेरी

आमच्या कॉलेजचा कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, ज्याला वाचता येतो, त्याला तालुक्याचं पीकपाणी वेगळं विचारावं लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पानं भरलेली असतात. सप्टेंबर सरता सरता द्राक्षबागांची छाटणी सुरू होते आणि एकेका रोल नंबरपुढे खाडे पडायला लागतात. दिवाळीच्या आगेमागे लाल कांद्याची काढणी, मग बागांमध्ये डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, आणि विरळणी, डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड. लागवडीला तर मुलींच्या टोळ्याच जातात, एकरावर ठेका ठरवून. फेब्रुवारीत द्राक्षं तोडणीला येतात. तोवर परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ झालेली असते. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे. वर्ग रिकामा दिसला की मुलांना नावं ठेवण्याआधी आज शेतात काय चाललं असेल, हे आठवून बघायची मला सवय लागली आहे.

एक दिवस मात्र वर्ग हमखास भरतो. अमावस्या. आमच्या भागात अमावस्येला बरेच मजूर कामावर जात नाहीत, आणि कांद्याचे लिलावही त्या दिवशी बंद ठेवायची बाजार समित्यांची जुनी रीत होती. घरी काम नाही, मग पोरं कॉलेजात. मुंबईत शिकवणाऱ्या मैत्रिणीला मी म्हटलं, माझे चांगले रंगलेले तास पंचांग बघून सांगता येतील, तर तिला ती थट्टा वाटली.

सगळेच खाडे शेतातले असतात असं मात्र नाही. पोलीस भरतीची मुलं पहाटे मैदानावर धावतात आणि तासाच्या वेळेला घरी गाढ झोपलेली असतात. स्पर्धा परीक्षावाल्यांचं नाव आमच्याकडे आणि मुक्काम नाशिकच्या अभ्यासिकेत. पदवीचा कागद हवा म्हणून प्रवेश घेतलेला. काहीजण गेटबाहेरच्या टपरीवर अख्खं सत्र काढतात. माझा तास चालू असताना त्यांचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू येतं. या शेवटच्या मंडळींबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

कागदावर मात्र या सगळ्यांचा खाडा सारखाच.

नियम तसा सोपा आहे. परीक्षेला बसायचं तर पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. चार क्रेडिटचा विषय म्हणजे सत्राला साठ तास, पंचाहत्तर टक्के म्हणजे त्यातले पंचेचाळीस. मुंबई विद्यापीठाच्या नियमात सगळ्या विषयांची मिळून सरासरी ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ५० टक्के अशी दुहेरी अट आहे. वकिलीच्या अभ्यासक्रमाला बार कौन्सिलने २००८ च्या नियमांत ७० टक्के ठरवले. डॉक्टर होणाऱ्यांना थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० लागतात, आणि ते पटतं. रुग्णाच्या पोटावर हात ठेवून यकृत कुठवर लागतं ते घरी बसून कळत नाही.

आमच्यासारख्या कला-वाणिज्यच्या कॉलेजात या नियमाचं काय होतं, ते सगळ्यांना पाठ आहे. सत्र संपत आलं की नोटीस बोर्डावर डिफॉल्टरची यादी लागते. यादीत निम्मा वर्ग असतो, त्यामुळे लाज कुणालाच वाटत नाही. मग पालकांना बोलावणं. वडील येतात, टोपी हातात घेऊन उभे राहतात, आणि त्यांच्याच बागेत पोरगा राबत होता हे आम्हालाही ठाऊक असतं आणि त्यांनाही. साध्या कागदावर हमीपत्र लिहून होतं. तापाची सर्टिफिकेटं येतात, बहुतेकांवर एकाच डॉक्टरांची सही. परीक्षा विभागातला क्लार्क सगळं फायलीला लावतो आणि फॉर्म घेतो. इतक्या वर्षांत हजेरी कमी म्हणून खरोखर परीक्षेला बसू न दिलेला विद्यार्थी आमच्याकडे मी पाहिलेला नाही.

जिथे खरोखर बसू देत नाहीत, तिथे काय होऊ शकतं याचं उदाहरण दिल्लीत घडलं. २०१६ साली हजेरी कमी म्हणून परीक्षेला मुकलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. ते प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षं चाललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की, केवळ हजेरी कमी आहे म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवता येणार नाही. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी दोन तट पडले. एका सरांचं म्हणणं, आता वर्गात कुत्रं फिरकणार नाही. मी म्हटलं, सर, आधी तरी कोण येत होतं.

हजेरीचा धाक उलट्या अंगानेही फसलेला आपण पाहिला आहे. अकरावी-बारावी सायन्सची मुलं खासगी क्लासमध्ये दिवसभर बसायची आणि ज्युनिअर कॉलेज फक्त नावापुरतं, या 'इंटिग्रेटेड' धंद्याला आळा घालायला राज्य सरकारने २०१८ साली मुंबई, पुणे, नाशिकसह काही विभागांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. धंदा काही थांबला नाही. बोटाचा ठसा मुलगा आला होता एवढंच सांगतो. त्याला वर्गात काय मिळालं, हे सांगायची सोय त्या यंत्रात नाही.

आता, नियम सोडून मूळ प्रश्नाला हात घालू. वर्गात आल्याने काही फरक पडतो का?

संशोधन म्हणतं, पडतो, आणि बऱ्यापैकी पडतो. मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. कॉलेजातल्या गुणांचा अंदाज बांधायला हजेरी ही प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षाही जास्त उपयोगी ठरते, असं त्यात निघालं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आमच्या बैठकांमध्ये कुणी काढत नाही. हजेरी सक्तीची केल्याने वर्गाच्या सरासरी गुणांत पडणारा फरक लहानसाच होता. शिवाय जी मुलं रोज येतात ती मुळातच जरा मन लावून करणारी असतात, त्यामुळे गुण येण्याने वाढले की मन लावण्याने, हा गुंता राहतोच.

पण खरं सांगू का, गुणांचा मुद्दा माझ्या विद्यार्थ्यांपुढे चालत नाही. गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, गाईड, अपेक्षित प्रश्न, सगळं मिळतं. परीक्षेआधी आठवडाभर ते घोकलं की माणूस पास होतो. एकदा एका मुलाने मला सरळच विचारलं, "मॅडम, न येता पास होतोय, तर येऊन काय जास्तीचं होणार?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. हिशेबाचा होता, आणि अर्थशास्त्राच्या मुलाने तो विचारावाच. त्याला तेव्हा मी जे उत्तर दिलं ते ठरावीक होतं, व्यक्तिमत्त्व विकास वगैरे. त्याने मान डोलावली आणि तो लागवडीला गेला.

माझ्या मते खरं उत्तर मिळालं ते जानेवारी २०२४ मधल्या एका तासाला. अर्थात अमावस्येला.

त्याआधीच्या महिन्यात केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, थोड्याच दिवसांत भाव निम्म्याच्या आसपास आले. डिसेंबर-जानेवारीत बाजारात असतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो कांदाचाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, त्यामुळे थांबून भाव वाढायची वाट पाहणंही शक्य नव्हतं. मी द्वितीय वर्षाला मागणी-पुरवठा घेत होते. पुस्तकात चहा-कॉफीचं उदाहरण होतं. वर्ग गच्च भरलेला, मागच्या बाकावर चौघं चौघं. चहा-कॉफी बाजूला ठेवली आणि फळ्यावर कांदा लिहिला.

नेहमीसारख्या दोन रेघा काढल्या आणि म्हटलं, निर्यात बंद झाली, म्हणजे परदेशातली मागणी गेली, मागणीचा वक्र डावीकडे सरकला, भाव पडला. दुसऱ्या बाकावरचा चांदवडकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, असं कसं? आमच्याकडे सगळे म्हणतात आवक वाढली म्हणून पडला. बाहेर जाणारा माल इथेच राहिला ना. मग मागणी कमी झाली की पुरवठा वाढला?"

पुस्तकात याचं उत्तर नाही. मी खडू खाली ठेवला. बघता बघता वर्गात दोन पक्ष पडले आणि आवाज चढले. कुणीतरी म्हणालं, दुबईवाला घेईना म्हणजे मागणीच गेली. कुणी म्हणे, अहो पण मुंबईत बसलेल्या माणसाला तर जास्त माल आलेला दिसतोय. इथे एका मुलीने, नेहमी भिंतीकडे बसणाऱ्या, हात वर केला. तिचं म्हणणं असं की, तुम्ही कुठल्या बाजाराचं चित्र काढताय ते आधी ठरवा. लासलगावच्या लिलावाचं काढलं तर गिऱ्हाईक कमी झालं. मुंबईतल्या भाजीबाजाराचं काढलं तर माल जास्त आला. मग मी फळा मधोमध रेघ मारून दोन भाग केले आणि शेजारी शेजारी दोन आकृत्या काढल्या. दोघंही बरोबर होते. कुठल्या बाजाराबद्दल बोलतोय हे न सांगता मागणी-पुरवठ्याबद्दल बोलणंच चुकीचं, ही गोष्ट मी एम.ए.ला वाचली होती. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी भांडून काढलेली मात्र पहिल्यांदाच पाहिली.

तास तिथेच संपला असता तरी मी खूश होते. पण कोपऱ्यातून पेठ तालुक्याकडची एक मुलगी बोलली. तिच्या घरचे दर वर्षी बागांमध्ये मजुरीला इकडे येतात, ती नातेवाइकांकडे राहून शिकते. ती म्हणाली, "आमच्याकडे कांदा पिकत नाही, आम्ही विकत घेतो. स्वस्त झाला तर आम्हाला बरंच आहे." वर्ग एकदम गप्प झाला. या भागात कांदा स्वस्त झाला तर बरं, असं मोठ्याने म्हणायची रीत नाही. मग लागवडीला जाणारी दुसरी मुलगी म्हणाली, बरं कुठलं, पुढच्या वर्षी शेतकऱ्याने लागवड कमी केली तर आपला रोज बुडेल. पहिलीने ते ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "ते पुढच्या वर्षी. भाजी आज करायची असते."

अल्पकाळ आणि दीर्घकाळ यांतला फरक मी त्यानंतर कधी वेगळा शिकवलेला नाही. तोच किस्सा सांगते.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीवर हाच भाग होता. अमावस्या सरली होती, लागवड पुन्हा सुरू झालेली. समोर दोन-तीन बाकांवर सांडल्यासारखी मुलं. मी उत्साहाने कांदा लिहिला, आदल्या दिवशीचा प्रश्न स्वतःच विचारला, स्वतःच दोन आकृत्या काढल्या, मजुराच्या बाजूने आणि शेतकऱ्याच्या बाजूनेही मीच बोलले. मुलांनी आकृत्या वहीत उतरवून घेतल्या. "हे परीक्षेला येईल का?" एवढा एक प्रश्न आला. आदल्या दिवशीपेक्षा माझी तयारी जास्त होती, आणि तास पडला तो पडलाच.

तेव्हापासून मला वाटतं, आपण हजेरीकडे चुकीच्या बाजूने बघतो. मुलगा आला नाही तर त्याचं नुकसान झालं, असं आपण म्हणतो आणि म्हणून त्याचे टक्के मोजतो. त्याचं नुकसान त्याला झेरॉक्सच्या दुकानात भरून काढता येतं. जे बाकीचे आले होते त्यांचं काय? त्या अमावस्येच्या तासाला एक मुलगा नव्हता. त्याच्या वडिलांची पिकअप, बंदी आली त्या आठवड्यात, बाजार समितीबाहेर रांगेत अडकली होती, हे मला नंतर कळलं. तो असता तर क्विंटलचा भाव, गाडीभाडं, हमाली, तोलाई, सगळं आकड्यात सांगू शकला असता. आम्ही फळ्यावर रेघा ओढत बसलो. तो न आल्याने वर्ग तेवढा गरीब राहिला.

वर्ग म्हणजे भारुडासारखा असतो, समोर गावच नसेल तर सोंग कुणापुढे आणायचं. यूट्यूबवर माझ्यापेक्षा शंभरपटीने चांगलं शिकवणारे आहेत, मीही त्यांचे व्हिडिओ बघते. पण पेठच्या मुलीने चांदवडच्या मुलाला तोंडावर सांगावं की तुझी मंदी माझी स्वस्ताई आहे, आणि दोघांनी पुढेही त्याच वर्गात बसावं, हे व्हिडिओत घडत नाही.

हे सगळं म्हणताना आमची बाजूही बघावी लागते, आणि ती चांगली दिसत नाही. वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवणारे, 'लिहून घ्या' म्हणून तास काढणारे शिक्षक प्रत्येक कॉलेजात आहेत. ज्या तासाला दांडी मारली तरी काही चुकत नाही, त्या तासासाठी पंचाहत्तर टक्के मागायला तोंड कुठून आणायचं? यूजीसीच्या नियमात वर्षाला १८० दिवस अध्यापन व्हायला हवं. त्यात निवडणुकीची ड्यूटी, नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, तयारी, युवक महोत्सव, परीक्षांची सुपरव्हिजन आणि पेपर तपासणी हे सगळं बसवून पाहा. मुलांच्या खाड्यांची यादी बोर्डावर लागते. न झालेल्या तासांची यादी कुठल्या बोर्डावर लागते?

भरती बरीच वर्षं रखडलेली असल्यामुळे राज्यभर कितीतरी तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर चालतात. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. आमच्याकडे नेट-सेट झालेला, पीएचडी करत असलेला एक तरुण सहकारी आहे. दुपारनंतर दुसऱ्या गावच्या कॉलेजात तास घ्यायला मोटारसायकलवर जातो. मास बंक झाला की मुलांना मोकळीक, मला फुकटचा चहा, आणि त्याला दिवसाचा रोज बुडाल्याची भीती. हे मी वर्गात एकदा सांगितलं. टपरीवरची दोन मुलं त्यानंतर फक्त त्याच्या तासाला यायला लागली. माझ्या नाही. ते मला आवडलं.

आणि एस.टी. हा तर सगळ्यात मोठा विषय. कोरोनानंतर २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं पुन्हा उघडली. दीड वर्ष मोबाइलच्या चौकोनात पाहिलेले चेहरे समोर बसतील म्हणून आम्ही आनंदात होतो. दहा-पंधरा दिवसांत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो लांबत लांबत पुढच्या एप्रिलपर्यंत गेला. मुलगे कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून यायचे. मुलींच्या घरून एस.टी.ला परवानगी असते, वडापच्या जीपला नसते. पासचे पैसे आणि गाडीभाडं यांतलं अंतर वेगळंच. त्या हिवाळ्यात माझ्या कॅटलॉगमधून गावंच्या गावं नाहीशी झाली. ज्या गावाला दुसरा काही रस्ता नव्हता, तिथली एकही मुलगी येत नव्हती. त्यांतल्या काही संप मिटल्यावरही परत आल्या नाहीत, कारण मधल्या काळात घरच्यांनी त्यांची लग्नं उरकली होती. रोज कॉलेजला जाणारी मुलगी 'शिकतेय' असते. चार महिने घरी बसलेली मुलगी लग्नाची होते. त्यांच्या बाबतीत हजेरीचा अर्थ गुणांपेक्षा फार निराळा आहे, आणि म्हणूनच अंगात ताप असतानाही वर्गात येऊन बसणाऱ्या मुलीच जास्त दिसतात.

संपानंतर आम्ही एक साधी गोष्ट केली. सकाळचा पहिला तास अर्ध्या तासाने पुढे ढकलला, कारण दोन मोठ्या गावांची गाडी स्टँडवर पोचेपर्यंत पहिला तास निम्मा झालेला असायचा. त्या एका बदलाने पहिल्या तासाची हजेरी जेवढी वाढली, तेवढी डिफॉल्टर यादीने कधी वाढवली नव्हती. पुढच्या वर्षी नवीन वेळापत्रकात कुणीतरी तो तास परत जुन्या वेळेवर नेऊन ठेवला. का, ते आजतागायत कळलेलं नाही.

आता चेहरा ओळखून हजेरी घेणारं यंत्र घ्यायचं चाललं आहे. मेडिकल कॉलेजांत प्राध्यापकांची हजेरी तशी सुरू झाली, मग आपणही मागे का राहायचं, असा सूर आहे. कंपनीचा माणूस येऊन दाखवून गेला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये त्याने आधी स्वतःचा चेहरा दाखवला, मग कॉलेजच्या शिपाईमामांचा. मामांनी डोक्याला मफलर गुंडाळला होता, यंत्राला ते ओळखू आले नाहीत. कोटेशन आलेलं आहे. पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत त्यावर निर्णय व्हायचा आहे, आणि मी स्टँडवरच्या कंट्रोलरकडून सकाळच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या आहेत.